शिखा पांडेचा इनस्विंग आणि गोलंदाजाच्या कारकिर्दीचं गणित

शिखा पांडे भारताच्या महिला संघाकडून ३ कसोटी, ५५ एकदिवसीय आणि ६२ टी-२० सामने खेळली. विकेट अनुक्रमे ४, ७५ आणि ४३. पहिला सामना मार्च २०१४ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला, शेवटचा फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाऊनला. मधे जवळजवळ नऊ वर्षं.

गोव्यात क्रिकेटचा विषय निघाला की तिचं नाव येतंच. जन्म तेलंगणातल्या करीमनगरचा असला, तरी ती फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, गोव्याच्या संघातून खेळली आणि इथूनच भारतीय संघात पोचली. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई मुंबईकडून खेळून कसोटीपटू झाले, त्यामुळे गोव्याच्या संघातून थेट वर गेलेल्या या मुलीचं आम्हांला अप्रूप आहे. पण कौतुक ओसरलं की प्रश्न सुरू होतात. एवढी चांगली होती तर विकेट इतक्याच का? संघातून सारखी आत-बाहेर का? आणि भारतीय संघात जागा नसताना महिला प्रीमियर लीगमध्ये तिच्यावर कोटींची बोली कशी लागते?

या प्रश्नांची उत्तरं आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाहीत. त्यासाठी चेंडू वळतो कसा, कर्णधार तो कधी हातात देतो आणि महिला क्रिकेटमध्ये मुळात सामने होतात किती, हे माहीत असावं लागतं. सुरुवात चेंडूपासूनच करावी लागेल, कारण शिखाची सगळी कारकीर्द त्याच्यावर उभी आहे.

चेंडू हवेत वळतो म्हणजे काय होतं

महिलांच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि आकारानेही किंचित मोठा. दोन्हींच्या मधोमध धाग्याची उंच शिवण असते. चेंडू नवा असताना तिच्या दोन्ही बाजूंचं कातडं गुळगुळीत असतं.

शिखाचं मुख्य हत्यार इनस्विंग. उजव्या हाताच्या फलंदाजाला ऑफ बाजूने सुरू झालेला चेंडू हवेतच आत, पायांच्या दिशेने येतो. त्यासाठी शिवण सरळ फलंदाजाकडे न ठेवता थोडी लेग बाजूला, फाईन लेगच्या दिशेने कलती धरायची आणि चकाकीची बाजू ऑफकडे ठेवायची. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर, अंगठा खाली, मनगट चेंडूच्या बरोबर मागे. चेंडू सुटताना बोटं त्याला मागच्या दिशेने फिरकी देतात. या फिरकीमुळे शिवण हवेत डगमगत नाही, दिलेल्या कोनात स्थिर राहते.

पुढचं काम हवेचं. मांडवीच्या पुलाच्या खांबाला पाणी दोन्ही अंगांनी घासून पुढे जातं आणि खांबाच्या मागे फेसाळ, गोंधळलेला पट्टा सोडतं. चेंडूच्या मागेही हवेचा तसाच पट्टा तयार होतो. चेंडू दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर हा पट्टा सरळ मागे राहतो आणि चेंडू सरळ जातो. शिवण कलती असली की चित्र पालटतं. गुळगुळीत बाजूची हवा शांतपणे सरकते, पण पृष्ठभाग लवकर सोडते. शिवणीच्या बाजूची हवा धाग्यांना अडखळते, खवळते, आणि खवळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. ऐकायला हे उलटं वाटतं, पण स्विंगचं सगळं रहस्य इथेच आहे. दोन बाजूंनी हवा वेगवेगळ्या ठिकाणी सुटल्याने मागचा पट्टा एका अंगाला कलतो आणि चेंडू त्याच्या विरुद्ध अंगाला, म्हणजे शिवण जिकडे कललेली आहे तिकडे, ढकलला जातो.

यावर सर्वांत चोख काम नासातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रवींद्र मेहता यांनी केलं. वाऱ्याच्या बोगद्यात चेंडू ठेवून त्यांनी मोजमापं घेतली. नव्या चेंडूचा साधा स्विंग सर्वांत जास्त मिळतो तो शिवण सुमारे २० अंशांनी कलती असताना, चेंडू सेकंदाला सुमारे ११ वेळा मागे फिरत असताना आणि वेग ताशी ११२ किलोमीटरच्या आसपास असताना. त्याहून फार जोरात टाकला की गुळगुळीत बाजूची हवाही आपोआप खवळते. मग दोन बाजूंतला फरक कमी होतो आणि वळणही.

आता महिला वेगवान गोलंदाजांचा वेग पाहा. बहुतेक जणी ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या दरम्यान टाकतात. ‘बायकांची बॉलिंग म्हणजे स्लो’ असं म्हणून चॅनेल बदलणाऱ्याला मी हेच सांगेन, की साध्या स्विंगसाठी निसर्गाने जो वेग सर्वांत अनुकूल ठेवला आहे तो हाच. शिवाय चेंडू हलका, म्हणजे हवेने तेवढाच धक्का दिला तरी तो जास्त सरकतो. आणि कमी वेगामुळे हवेला आपलं काम करायला वेळही जास्त मिळतो. ताशी ११० किलोमीटरने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण ०.६ सेकंद लागतात, १४०च्या चेंडूला ०.५च्याही आत.

या वेळेचा हिशेब सरळ नसतो. बाजूचा धक्का साधारण सारखाच राहिला, तर चेंडूचं सरकणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अर्ध्या वेळात एकूण वळणाचा फक्त चौथा हिस्सा झालेला असतो, उरलेला पाऊण हिस्सा दुसऱ्या अर्ध्यात. चेंडू सुटल्यावर लगेच फलंदाज त्याची रेषा ओळखून पाय टाकते, तेव्हा चेंडू जवळपास सरळच दिसतो. पाय पडून बॅट खाली येईपर्यंत तो वीतभर आत आलेला असतो. समालोचक ज्याला ‘लेट स्विंग’ म्हणतात तो असा घडतो. चेंडू उशिरा वळायचं ठरवत नाही. तो पहिल्यापासूनच वळत असतो, आपल्याला उशिरा दिसतो.

आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या मैदानांवर दर्यावरच्या दमट हवेने चेंडू जास्त वळतो असं सर्रास म्हटलं जातं. प्रयोगांत निव्वळ दमटपणाचा असा परिणाम आढळलेला नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. ढगाळ सकाळी हवा स्थिर असते म्हणून फरक पडत असावा, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते काहीही असो, शिवण नीट सुटली नाही तर कुठलाही वारा मदतीला येत नाही.

शिवण सरळ सुटते की नाही हे कळण्यासाठी सरावात अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा चेंडू वापरतात. नेटच्या मागे उभं राहिलं तर सगळं दिसतं. मनगट नीट असेल तर दोन रंगांमधली रेघ हवेत सुरीसारखी स्वच्छ राहते. मनगट जरा जरी बाजूला पडलं तर रंग एकमेकांत मिसळून भोवऱ्यासारखे गरगरतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हा चेंडू तासन्‌तास टाकते, तेव्हा तिचं लक्ष यष्ट्यांकडे नसतंच. ती त्या रेघेकडे बघत असते.

चार षटकं, त्यातली दोन खरी

मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पांढरा कुकाबुरा चेंडू असतो. त्याची शिवण लवकर दबते आणि वरचा चकचकीत थर उडाला की तो वळायचा थांबतो. बहुतेक दिवशी पहिली चार-पाच षटकं, नशीब असेल तर थोडी जास्त. टी-२०त एका गोलंदाजाला फार तर चार षटकं मिळतात. त्यामुळे स्विंग गोलंदाजाची खरी मिळकत पहिल्या दोन षटकांतली असते. त्यात पॉवरप्ले म्हणजे पहिली सहा षटकं, ज्यांत वर्तुळाबाहेर फक्त दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. चेंडू वळतो तेव्हाच धावा काढणंही सर्वांत सोपं असतं. नव्या चेंडूच्या गोलंदाजाला रोज हीच जोखीम घ्यावी लागते.

पहिली दोन षटकं झाली की उरलेली दोन कधी टाकायची? तोवर चेंडू सरळ झालेला असतो. ताशी ११० किलोमीटरचा सरळ चेंडू जमलेल्या फलंदाजासाठी मेजवानी ठरू शकतो. मग गोलंदाज वेग कमी-जास्त करते, थेट पायाशी पडणारा यॉर्कर टाकते, टप्पा पडल्यावर वळणारा कटर टाकते. शिखा हे सगळं करायची, पण तिला निवडलं जायचं ते पहिल्या दोन षटकांसाठी. तिचे आकडे वाचताना हे ध्यानात असावं.

याच्या दोन्ही टोकांचे दिवस २०२०च्या टी-२० विश्वचषकात तिच्या वाट्याला आले. २१ फेब्रुवारीला सिडनीत पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाशी होता. भारताच्या धावा जेमतेम १३२. पूनम यादवने १९ धावांत ४ आणि शिखाने १४ धावांत ३ विकेट घेतल्या. यजमान ११५ धावांत गारद झाले. पंधरवड्याने, ८ मार्चला, मेलबर्नला अंतिम सामना झाला. मैदानात ८६,१७४ प्रेक्षक होते, समोर तोच संघ. शिखाच्या चार षटकांत ५२ धावा निघाल्या, विकेट एकही नाही. अलिसा हिलीने ३९ चेंडूंत ७५ धावा केल्या, त्यात शिखाला लागोपाठ तीन षटकार मारले. बेथ मूनी ७८ धावांवर नाबाद राहिली, ऑस्ट्रेलियाने १८४ धावा केल्या आणि भारत ९९ धावांत संपला.

तेव्हा गोव्यातही लोक म्हणाले की मोठ्या सामन्यात तिची भीतीने गाळण उडाली. मला हे मुळीच पटत नाही. ते तीन षटकार अकराव्या षटकातले आहेत. तेव्हा चेंडू वळत नव्हता, हिली जमली होती आणि मेलबर्नच्या सपाट खेळपट्टीवर मध्यमगती चेंडू बॅटवर मस्त येत होता. भीती मोजता येत नाही. चेंडूचं वय मोजता येतं.

त्यानंतर करोना आला आणि भारताचा महिला संघ वर्षभर आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरलाच नाही. मार्च २०२१ मध्ये लखनौला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा शिखा संघात नव्हती. म्हणजे तिच्या नावापुढचा शेवटचा आंतरराष्ट्रीय आकडा ५२ धावांत शून्य हाच होता, आणि तो पुसायला मधे एकही सामना मिळाला नव्हता.

उन्हाळ्यात इंग्लंड दौऱ्यासाठी ती परतली, पुढे ऑस्ट्रेलियालाही गेली. ९ ऑक्टोबर २०२१, गोल्ड कोस्टजवळच्या करारा इथलं मैदान, दुसरा टी-२० सामना. भारताच्या ११८ धावा. नवा चेंडू शिखाच्या हातात, समोर पुन्हा हिली. पहिल्या चेंडूवर चौकार. दुसरा ऑफ स्टंपच्या बऱ्याच बाहेरून निघाला. हिलीने त्या रेषेत बॅट नेली. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं, कारण सुटताना चेंडूची रेषा यष्ट्यांच्या वाटेला जाणारी नव्हतीच. मग तो वळू लागला, आणि टप्पा पडल्यावर आणखी आत घुसला. बॅट आणि पॅडच्या मधून वाट काढत त्याने यष्ट्या उडवल्या. हिलीने मागे वळून पाहिलं. माजी कसोटीपटू वसीम जाफर यांनी त्याला महिला क्रिकेटमधला शतकातला चेंडू म्हटलं आणि ती चित्रफीत दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरत होती.

भारत तो सामना हरला, हे फार जणांना आठवत नाही. पण हा चेंडू आणि दीड वर्षापूर्वीचे ते षटकार शेजारी ठेवून पाहा. गोलंदाज तीच, फलंदाज तीच. फरक शिवणीचा आहे. एकदा ती टवटवीत होती, एकदा दबलेली.

स्विंग काय करू शकतो हे शिखाने समोरच्या बाजूनेही भोगलं होतं. २०१७च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर भारत ३ बाद १९१वर होता, जिंकायला २२९ हव्या होत्या. इंग्लंडच्या अन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ विकेट घेतल्या आणि भारत ९ धावांनी हरला. त्या पडझडीत शिखा ४ धावांवर धावचीत झाली. श्रबसोलचंही मुख्य हत्यार इनस्विंगच.

सामनेच नसतील तर

तिचे सगळे सामने मिळून १२० होतात. नऊ वर्षांवर वाटले तर वर्षाला तेरा-चौदा. २०२२ या एकाच वर्षात भारताचा पुरुष संघ ७१ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. कुठलाही खेळाडू ते सगळे खेळत नाही हे खरं, पण संधीचं माप तर कळतं. एक वाईट दिवस पन्नास सामन्यांत विरून जातो. तेरा सामन्यांत तो उठून दिसतो, आणि निवड समितीच्या बैठकीत तोच आठवतो.

कसोटीचं तर विचारूच नका. २००६ नंतर भारताच्या महिलांना थेट ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये वर्म्सलीला कसोटी मिळाली. शिखाची ती पहिली, आणि भारताने ती जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेला डावाने हरवलं. मग पुढची कसोटी जून २०२१ मध्ये, ब्रिस्टलला. मधली साडेसहा वर्षं कोरडी. पंचवीस ते बत्तीस हे वेगवान गोलंदाजाच्या शरीराचं सर्वांत भरीचं वय. शिखाचं ते वय गेलं आणि या काळात भारतासाठी लाल चेंडूने एकही सामना झाला नाही. तिच्या नावापुढे ३ कसोटी दिसतात त्या अशा. वर्म्सलीपासून ब्रिस्टलपर्यंत भारताने खेळलेल्या सगळ्या तीनही कसोट्यांत ती होती!

तिच्या एकदिवसीय सामन्यांना मी सर्वांत जास्त वजन देईन. तिथे एका गोलंदाजाला दहा षटकं मिळतात आणि दोन्ही टोकांनी नवे चेंडू, म्हणजे स्विंग थोडा जास्त टिकतो. ५५ सामन्यांत ७५ विकेट, एका विकेटमागे साधारण २२ धावा. ही उत्तम कामगिरी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध तिने १८ धावांत ४ आणि झूलन गोस्वामीने ३० धावांत ४ विकेट घेतल्या. इंग्लंड १६१ धावांत बाद. झूलनच्या एकदिवसीय विकेट २५५, जगात सर्वाधिक. अशा गोलंदाजाच्या सावलीत दुसऱ्या टोकाने टाकणारीचं काम लोकांच्या नजरेत कमी येतं, पण एका टोकाने धावा बंद झाल्याशिवाय दुसऱ्या टोकाला विकेट पडत नाहीत.

आणि तरीही जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या विश्वचषकाच्या संघात ती नव्हती, हिलीच्या त्या चेंडूनंतर अवघ्या तीन महिन्यांनी. निवडकर्त्यांनी मेघना सिंह, रेणुका सिंह ठाकूर अशा नव्या मुलींना घेतलं. हिमाचलच्या रेणुकाचं आंतरराष्ट्रीय पदार्पण त्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, त्याच करारा मैदानावर, हिलीच्या चेंडूच्या दोन दिवस आधी झालं होतं. तीही इनस्विंग टाकणारी, आणि वयाने सात वर्षांनी लहान. पुढे जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १८ धावांत ४ विकेट काढल्या. निवड चुकली असं म्हणणं तिथे कठीण होतं. अकरा जणींत नव्या चेंडूने आत वळवणाऱ्या दोघी बसवणं अवघड. तरी २०२२च्या विश्वचषकाला शिखासारखी अनुभवी गोलंदाज राखीव म्हणूनसुद्धा नको होती, हे मला आजही खटकतं.

डिसेंबर २०२२ मध्ये तिला परत बोलावलं. दक्षिण आफ्रिकेतल्या टी-२० विश्वचषकात ती आणि रेणुका दोघीही खेळल्या. २३ फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ५ धावांनी हार झाली, शिखाने त्यात दोन विकेट घेतल्या. त्यानंतर भारताच्या संघात ती दिसलेली नाही.

गोव्यातून निघताना

आता थोडं मागे, आपल्या अंगणात. पदार्पणाच्या वेळी शिखा चोविशी ओलांडून पंचविशीकडे निघाली होती. मोठ्या राज्य क्रिकेट संघटनेची मुलगी अनेकदा अठरा-एकोणिसाव्या वर्षी निवड समितीच्या नजरेत येते. इथे उशीर का होतो?

पहिलं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यात मैदानं पाण्याखाली असतात. नेट लागलंच तर छपराखाली, तेही बहुधा मुलांच्या वेळा उरल्यावर. आणि राज्य संघांची महिला टी-२० स्पर्धा बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास येते. म्हणजे मोकळ्या मैदानावर पूर्ण धावत येऊन टाकण्याचा सराव नीट होण्याआधीच मोसम सुरू. स्विंग गोलंदाजाला हे फार महागात पडतं. छपराखाली, आखूड जागेत टाकलेल्या चेंडूचं वळण डोळ्यांना पुरतं दिसतच नाही.

दुसरं म्हणजे सामने. गटसाखळीत राज्य संघाच्या वाट्याला एका स्पर्धेत सहा-सात सामने येतात. त्यांतले एक-दोन पावसाने किंवा दुखापतीने गेले की उरलेल्या चारांत नाव काढायचं. लहान राज्याचा संघ गटातच बाद झाला तर बाद फेरीचे सामने, जिथे निवडकर्ते बसलेले असतात, ते घरी बसून बघायचे. मग विभागीय संघात जागा मिळवायची, तिथून भारत ‘अ’, तिथून मुख्य संघ. महिलांसाठी अनेक दिवसांचे आंतरविभागीय सामने २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाले, तोवर लाल चेंडूने लांब स्पेल टाकायची सवय लागायला जागाच नव्हती.

फर्मागुडीच्या पठारावर इंजिनीअरिंग करताना हे सगळं सांभाळायचं म्हणजे काय, ते तिथे शिकलेल्या कुणालाही विचारा. जर्नलं, सबमिशन, तोंडी परीक्षा, आणि त्यातून पर्वरीच्या मैदानापर्यंतचा प्रवास. पदवी घेऊन शिखा २०११ मध्ये भारतीय हवाई दलात गेली, हवाई वाहतूक नियंत्रणाचं काम करणारी अधिकारी झाली. हा निर्णय क्रिकेट बाजूला ठेवण्याचा नव्हता. त्या काळी मुलीला क्रिकेट खेळत राहायचं तर पगार देणारी आणि खेळायला सुट्टी देणारी नोकरी लागायची. बहुतेक जणींना रेल्वे हाच आधार होता. शिखाला तो हवाई दलात मिळाला.

पैसा कुठून, किती

महिला क्रिकेट २००६ मध्ये बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. खेळाडूंना वार्षिक करार मिळाले ते २०१५ मध्ये, म्हणजे शिखा आधीच भारताकडून खेळत होती. २०१८ पासून वरच्या श्रेणीला वर्षाला ५० लाख, मधलीला ३० लाख, खालचीला १० लाख. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२२ची: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-२०ला ३ लाख. शिखाच्या १२० सामन्यांपैकी बहुसंख्य त्याआधीचे.

२०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि गोलंदाजाचा भाव ठरवणारे हात बदलले. निवड समिती चार वर्षांपुढचा विश्वचषक डोळ्यांसमोर ठेवते आणि तिशी ओलांडलेल्या गोलंदाजाकडे साशंकपणे बघते. लीगच्या संघमालकाला या मोसमात, पॉवरप्लेच्या सहा षटकांत कोण टाकेल एवढंच हवं असतं. शिखाचं मोल दुसऱ्या हिशेबात जास्त भरतं, कारण ती जे सर्वांत चांगलं करते तेच तिथे विकत घेतलं जातं. पहिल्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने तिला ६० लाखांना घेतलं. २०२३, २०२४, २०२५ अशी तिन्ही वर्षं दिल्ली अंतिम फेरीत पोचली, तिन्ही वेळा हरली, आणि नव्या चेंडूने टाकणाऱ्यांत शिखा होती. २०२४ मध्ये ती वेस्ट इंडिजमधल्या लीगमध्ये त्रिनबागो नाइट रायडर्सकडून आणि ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये ब्रिस्बेन हीटकडूनही खेळली.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. नवा चेंडू रेणुका आणि मध्य प्रदेशच्या क्रांती गौडकडे होता. त्याच महिन्याच्या शेवटी प्रीमियर लीगचा मोठा लिलाव झाला. पावणेतीन वर्षं भारताकडून न खेळलेल्या, छत्तीस वर्षांच्या शिखा पांडेवर यूपी वॉरियर्सने २ कोटी ४० लाखांची बोली लावली. पहिल्या लिलावातल्या किमतीच्या चौपट.